नकाशात हिरवं झालेलं माहेर

"इथे झाडं नाहीत, मॅडम," सेल्वीअक्का म्हणाली आणि तिने नकाशावरचं बोट हलवलं नाही. "इथे माझी आई राहते."

गोष्ट २००८ च्या सुमाराची. शुक्रवारची दुपार होती. चेन्नईतल्या अंबत्तूरच्या आमच्या ऑफिसात एन्नोर खाडीचा मोठा रंगीत प्रिंट टेबलावर पसरलेला होता आणि सोमवारी तो क्लायंटला द्यायचा होता. सेल्वीअक्का आमच्याकडे चहा-कॉफी द्यायची, टेबलं पुसायची. कप ठेवायला जागा नव्हती म्हणून ती थांबली आणि थांबली तशी नकाशा वाचायला लागली. वीज केंद्र, पूल, खाडीचं मुख, सगळं तिने न विचारता ओळखलं. तिचं बोट टेकलं तिथे माझा रंग हिरवा होता. हिरवा म्हणजे झाडी.

मी मूळची अकोल्याची. चेन्नईत पाच वर्षं काढली होती, तमिळ बऱ्यापैकी समजत होती, उपग्रहाच्या रडारवरून नकाशे करणं हे माझं काम होतं, आणि त्या बाबतीत कुणी माझ्याशी वाद घातलेला मला खपत नसे. मी हसून म्हटलं, "अक्का, हे चित्र उपग्रहाने वरून घेतलंय. तुमचं बोट थोडं इकडे-तिकडे झालं असेल."

"बोट माझं आहे, मॅडम. माहेरही माझंच आहे. तिथे सावलीला एक कडुलिंबसुद्धा नाही. मासळी वाळवायची तर सावली कशाला?"

ती कप उचलून गेली. मी पुन्हा स्क्रीनकडे वळले, पण डोक्यात किडा वळवळायला लागला होता.

आमचा क्लायंट म्हणजे वादळाच्या वेळी कुठल्या वस्तीत इशारा द्यायचा, माणसं कुठे हलवायची याचा आराखडा करणारी एक सल्लागार कंपनी. जुन्या नकाशांनंतर खाडीकाठच्या वस्त्या सरकल्या होत्या, वाढल्या होत्या. पावसाळी ढगांतून साधा फोटो निघत नाही, रडार मात्र ढगांतून आरपार बघतं, म्हणून काम आमच्याकडे आलं. आमच्या नकाशावर जी वस्ती लाल, तीच त्यांच्या यादीत जाणार होती. हिरव्या ठिपक्याकडे इशारा द्यायला कुणी जाणार नव्हतं.

आता हे लाल-हिरवं ठरतं कसं? दोरीचं एक टोक खिडकीला बांधा आणि दुसरं हातात धरून हलवा. वर-खाली हलवलं तर उभी लाट जाते, डावी-उजवीकडे हलवलं तर आडवी. या दिशेलाच पोलरायझेशन म्हणतात. आमचं रडार आडवी लाट पाठवायचं आणि परत आलेल्यातली आडवी किती, उभी किती हे वेगवेगळं मोजायचं. घराची भिंत आणि जमीन मिळून एक कोपरा होतो. त्यात लाट दोनदा आपटते आणि आडवीच्या आडवी, जोरात परत येते. झाडात शिरली की फांद्यांमध्ये घुसळली जाते आणि तिच्यातली बरीच उभी होऊन बाहेर पडते. म्हणजे उभी जास्त आली की झाड समजायचं. हा नियम प्रोग्राममध्ये मी स्वतः लिहिला होता आणि त्याचा मला फार अभिमान होता.

आमचे बॉस रामनाथन सर. त्यांना सांगितलं तर ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "म्हणजे आता चहा देणारी बाई आपली ग्राउंड ट्रुथ?"

ग्राउंड ट्रुथ म्हणजे जागेवर जाऊन केलेली खातरजमा. या कामासाठी आम्ही ती चारच ठिकाणी केली होती. चारही ठिकाणं मुख्य रस्त्याला लागून, कारण तिथे जीप जात होती.

"सर, एकदा बघून येते."

"रविवार तुझा आहे. सोमवार क्लायंटचा."

रविवारी सेल्वीअक्काबरोबर बसने गेले. ऑफिसात खालमानेने वावरणारी ही बाई बसमधून उतरल्यावर इतकी भराभर चालायला लागली की मला धाप लागली. वस्तीत पोचल्यावर जीपीएस काढला. आकडे त्या हिरव्या ठिपक्याशी तंतोतंत जुळले. बोट बरोबर होतं.

आणि झाड खरंच एकही नव्हतं. सिमेंटच्या भिंती, पत्र्याची छपरं, जाळी, वाळत घातलेली मासळी. साठेक घरं तरी असतील. मला लाज वाटली. पण खरं सांगते, लाजेच्याही आधी कुतूहल वाटलं. धडधडीत भिंत असताना ती रडारला झाड का वाटावी?

जाळ्यांमुळे असेल? पण रस्त्याकडच्या वस्तीतही जाळी होती आणि ती वस्ती लाल आली होती. ओल्या वाळूमुळे? तीही दोन्हीकडे सारखीच. मी भिंतीवर टकटक करून बघितलं, तेव्हा पोरं हसायला लागली. शेवटी दमून सेल्वीअक्काच्या आईशेजारी उंबऱ्यावर बसले. म्हातारी माझ्याशी बोलत होती, पण तिची नजर सारखी खाडीच्या मुखाकडे जात होती. मी आजूबाजूला पाहिलं. सगळ्यांचीच दारं तिकडे होती.

"पाटी, सगळी दारं एकाच बाजूला का?" मी विचारलं. पाटी म्हणजे आजी.

"नाव परत येताना दिसायला नको? रस्त्याकडे बघून काय मिळणार?"

मी होकायंत्र काढलं. रस्ता उत्तर-दक्षिण सरळ. रस्त्याकडची घरं त्याला समांतर. इथली घरं मात्र खाडीच्या मुखाकडे तोंड करून चांगलीच तिरकी. आमचा उपग्रहही साधारण उत्तर-दक्षिण जातो आणि बाजूला बघतो. समोरच्या भिंतीवरून लाट सरळ परत येते. तिरक्या भिंतीवरून बरीचशी भलतीकडेच जाते, आरसा तिरका धरला की कवडसा दुसऱ्याच भिंतीवर पडतो तशी. जी थोडी परत येते तीही पिळवटून, आडवीची उभी होऊन. माझ्या नियमाच्या लेखी ते झाड!

हे मी मोडक्यातोडक्या तमिळमध्ये म्हातारीला समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"तुझ्या त्या वरच्या डोळ्याला सांग," ती म्हणाली, "दार आम्ही त्याच्यासाठी केलेलं नाही."

निघताना तिने करुवाडूची, म्हणजे सुक्या मासळीची पुडी हातात कोंबली. परतीच्या बसमध्ये सेल्वीअक्का सोडली तर माझ्या आसपास कुणी बसलं नाही.

सोमवारी रामनाथन सरांनी सगळं ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला. "अशा अजून किती?"

"माहीत नाही. चार दिवस द्या."

त्यांनी माझ्यासमोरच क्लायंटला फोन लावला. पलीकडचा आवाज मला टेबलाच्या या बाजूला ऐकू येत होता. सर फक्त "येस, येस" म्हणत होते. फोन ठेवून म्हणाले, "तीन दिवस."

उपग्रह परतीच्या फेरीत दुसऱ्या बाजूने बघतो. ती चित्रं मागवली, दोन्हींची तुलना केली आणि खाडीकाठचे शंकास्पद हिरवे ठिपके वेगळे काढले. मग प्रत्येक ठिकाणी पायी गेले. आणखी दोन वस्त्या सापडल्या, दोन्हींची दारं पाण्याकडे. एक ठिपका खरोखरच सुरूच्या झाडांचा निघाला आणि तिथे कुत्रं मागे लागलं. रिपोर्टमध्ये एक पान वाढवलं. नियमात चूक होती आणि ती माझी होती, असं त्यावर स्पष्ट लिहिलं. सरांनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि तसंच ठेवलं.

पुढच्या वर्षी वादळाचा इशारा आला. तिसऱ्या दिवशी सेल्वीअक्काने माझ्यासमोर कप जरा जोरातच आदळला.

"आई तुमच्यावर चिडलीय, मॅडम. भोंगा लावून गाडी आली, सगळ्यांना शाळेत नेऊन बसवलं. मासळी उचलायलाही थांबू दिलं नाही. सगळी भिजली."

"घर?"

"दोन फूट पाणी होतं." तिने कपाखाली सांडलेला चहा पुसला. "माणसं सगळी ठीक आहेत. पण या वर्षी तुम्हाला करुवाडू मिळणार नाही, असं सांगितलंय."

सॉरी म्हणताना माझे डोळे भरून आले, ते तिने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. तेव्हापासून कुठलाही नकाशा क्लायंटकडे पाठवायच्या आधी मी तो टेबलावर पसरून ठेवते, तोही चहाच्या वेळेला, कप ठेवायला जागा उरणार नाही असा.