हिरव्या पट्ट्याचं पाखरू

दसरा होऊन चार दिवस झाले होते. पातूरला मामांकडे गेले होते, मामीबरोबर टेकडीवरच्या देवीला निघाले. उतारावर पिवळी रानफुलं होती, आणि एका फुलात सोंड खुपसून एक पाखरू बसलेलं... नखाएवढं. पांढरे पंख, प्रत्येकावर एक हिरवा पट्टा.

अगदी असंच पाखरू आदल्या दिवशी मामांच्या कपाशीत पाहिलं होतं. यंदा बोंडांत अळी पडली आहे. अमेरिकेत लढाई चालली आहे म्हणून आपल्या कापसाला कधी नव्हे तो भाव, मामांनी ज्वारीच्या वावरातही कपाशीच पेरलेली... घरात दुसरा विषय नाही. मी सहज म्हणाले, "मामा, अळीचं पाखरू तेच असेल. टेकडीवरच्या फुलांवर बसतं."

मी "असेल" म्हणाले होते. संध्याकाळी पारावर त्याचं "आहे" झालं. आमच्या घरात लिहायला-वाचायला शिकलेली मी पहिलीच बाई, मामांना त्याचा भारी अभिमान. "शिकेल पोरगी म्हनते म्हनल्यावर खोटं कसं असन?" ठरलं... गवत वाळलं की सगळा उतार पेटवून द्यायचा.

सकाळी तुळसाबाई अंगणात उभी. उन्हाळाभर तिच्या बकऱ्या त्याच उतारावर जगतात. "माह्या बकऱ्या काय खातीन वं? तुही पोथी?"

मामांना सांगितलं, माझी खात्री नाही हो... ते हसले. "आता काहून भेतं?"

त्या दिवसापासून घास गोड लागेना. उठलं की आधी उताराकडे पाहायचं, गवत किती पिवळं झालं ते.

शेवटी बोंडांतल्या अळ्या मडक्यात ठेवल्या, वर लुगड्याचं फडकं बांधलं. रोज ताजं बोंड आत टाकायचं. मामी म्हणाली, "लोक मडक्यात सोनं ठेवतात, आमची भाची अळ्या!" मनात एकच होतं, दुसरंच काही निघू दे.

बाराव्या दिवशी फडकं सोडलं... पांढरे पंख, हिरवा पट्टा. मी चुकले नव्हते. बरोबर ठरून इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

लपवणं जमलं नाही. तशीच तुळसाबाईकडे गेले, खरं ते सांगितलं. वाटलं, शिव्या देईल. ती म्हणाली, "पाखरू फुलावर बसते, ते पाह्यलं. अळी कुठी राह्यते ते पाह्यलं का?"

पाहिलं नव्हतं.

दोघींनी मिळून दोन दिवस उतार धुंडाळला. फुलं उकलली, देठ चिरले, शेंगा फोडल्या. ती अळी कुठेच नाही. पाखरू तिथे नुसतं मध प्यायला येत होतं.

उतरताना मामांच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, मामीची भेंडी दिसली, बियांसाठी राखलेली, जून झालेली. सहज एक मोडली... आत अळी. तीच, तपकिरी, अंगावर बारीक काटे. दुसरीतही. तिसरीतही.

ओट्यावर बोंड आणि भेंडी शेजारी ठेवून मामांना दाखवलं. त्यांनी दोन्ही अळ्या उलटून पाहिल्या. मग उठले आणि सगळी भेंडी उपटून जाळली. मामी तीन दिवस माझ्याशी बोलली नाही... पण उतार वाचला.

निघताना तुळसाबाई वेशीपर्यंत आली. "काय वं पंतोजीबाई, अळीचं घर भेंडीच, हे आता असन का हाये?"

सगळा उतार दोन दिवसांत थोडाच पाहून होतो? म्हटलं, "असेल."

"मंग तसंच सांगत जाय. मोठ्यानं."

अकोल्याला परत आले तरी मन थाऱ्यावर नाही. पाखराचं नाव अजून कळलेलं नाही. हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असलं तर जरूर लिहा... आणि खात्री नसेल तर "असेल" लिहा. मी ते "असेल" असंच वाचेन.