डावं वळण

बिसरामच्या हाताखाली मालकाची मोटरसायकल होती, डाव्या अंगाला साईडकार जोडलेली. तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराच्या मुनीमाला पानं गोळा होतात त्या फडीफडीवर फिरवायचं, हे त्याचं काम. सन एक्केचाळीसची गोष्ट. बोदलकसाच्या आसपास दुसरी मोटर कोणाकडे असणार, कप्पाळ!

पण गाडी मोठी खट. उजवीकडं शहाण्यासारखी वळे. डावीकडं जोरात घेतली, की रिकाम्या साईडकारचं चाक अधांतरी. म्हणून मुनीम नसला की बिसराम तिच्यात रेतीचा बोरा ठेवी. लग्न झालं नि बोऱ्याची जागा दुर्पतानं घेतली. डावं वळण आलं की ती पदर खोचून बाहेरच्या अंगाला अशी झुके, की चाक जमीन सोडेल तर शपथ! गाव हसे, "बिसरामनं बायकोचा बोरा केला." ती उलट मिरवायची.

चैतात मोहफुलं वेचताना तिला साप चावला. तिरोड्याच्या दवाखान्यात सुई मिळते, एवढंच बिसरामला ठाऊक. पाय आवळून बांधला, तिला साईडकारमध्ये बसवलं. "अजिबात हलू नोको, दुर्पता. हललीस की जहर चढते." आणि गाडी सुसाट सोडली.

पहिलं डावं वळण आलं. चाक उचललं नाही. बिसरामनं पाहिलं, तर ही बाहेर झुकलेली.

"काऊन झुकून राह्यलीस? सांगतलो ना, हलू नोको!"

"नाही तं चाक उचलन ना," ती म्हणाली.

हळू घ्यावं तर उशीर, जोरात घ्यावं तर ही झुकणार. काय करावं माणसानं? त्यानं जोरच धरला. दर डाव्या वळणाला तो ओरडे, दर वळणाला ती झुके. अगं बाई, एवढं कसलं गं तुझं इमान!

तिरोडा कोसभर राहिलं होतं. तिथल्या डाव्या वळणाला चाक उचललं. दुर्पताचं डोकं त्याच्या गुडघ्याला येऊन टेकलं. बिसरामनं कशीबशी गाडी सावरली, थांबवली, तिला हाका मारल्या. ओ आली नाही.

दवाखान्यात डॉक्टरनं एकच विचारलं, "वाटेत हलली का?"

"दर डाव्या वळणाला," बिसराम म्हणाला. पुढं कितीक वर्षं तो भेटेल त्याला हेच सांगे, "मी जोरात घेतलो म्हणून ते झुकली. हळू घेतलो असतो, तर गुमान बसून राहिली असती माही बाई."