लंडनला न गेलेला खासदार

“आजोबांना लोकांनी निवडून दिलं, त्यांनी लंडनला जाऊ नये म्हणूनच,” माझ्यामागे उभी असलेली म्हातारी बाई नवऱ्याला म्हणाली.

“त्यांना बोट लागायची गं. देशभक्ती नंतर सुचली.”

“तुझ्या घरातलं कुणी निवडून तरी आलं का?”

आयर्लंडमधल्या या लहान गावात मी शिकायला आले आहे. वाचनालयाच्या भिंतीवर इथल्या जुन्या मतदारसंघाच्या खासदारांचे फोटो आहेत, तेच मी बघत होते. आधी जमीनदार, मग वकील, आणि शेवटी हे आजोबा. इंग्रजांचं राज्य मान्य नाही, म्हणून ब्रिटिश पार्लमेंटमध्ये बसणारच नाही, असं सांगून त्यांनी मतं मागितली होती. पुढे देश वेगळा झाला आणि हा मतदारसंघ उरला नाही.

आमच्या गावाकडचा मतदारसंघही सीमांच्या नव्या आखणीत असाच गेला. लहानपणी प्रचाराच्या जीपवरच्या भोंग्यातून त्याचं नाव गावभर घुमायचं आणि आम्ही पोरं बिल्ल्यांसाठी मागे धावायचो. बाबा अजून स्वतःची ओळख त्याच नावाने करून देतात. मी मात्र इथे कुणी विचारलं की ‘मुंबईजवळ’ म्हणून मोकळी होते. यांना काय कळणार, असं मनाला सांगते. खरं तर समजावून सांगायचाच संकोच वाटतो.

ही दोघं मात्र निकाल कालच लागल्यासारखी भांडत होती. मला हसू आलं, आणि ते बाईंनी पाहिलं.

“तू कुठली गं, पोरी?”

नेहमीचं उत्तर ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

“नांदवळची,” मी म्हणाले. “तो मतदारसंघ आता नाही. बसा ना, सांगते.”