अकरा कॅफे आणि एक फिरती जीन्स

अंबरनाथच्या कारखान्यातून मी तीन महिन्यांची बिनपगारी रजा घेतली ती संगणकावर जीन्स फिरवायला. वडील तिथेच सुपरवायझर. साहेबांच्या हातापाया पडून त्यांनीच ती मिळवून दिली. म्हणाले, "जमलं तर उत्तम. नाहीतर रजा संपली की निमूट कामावर ये."

उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या एका सिंधी सेठची जीन्स दुबईला जायची. त्याला वेबसाइट हवी होती. मी बदलापूरच्या क्लासमध्ये नुकतंच जावा शिकलेलो, म्हणजे अंगात आलेलं. साधे फोटो लावायचे सोडून मी ॲपलेट केलं. ॲपलेट म्हणजे वेबपानाच्या पोटात चालणारा छोटासा प्रोग्रॅम. माउस ओढला की जीन्स गरागरा फिरायची, मागच्या खिशावरची शिलाईसुद्धा दिसायची. सेठला पसंत पडलं तर गल्लीतले बाकीचे जीन्सवाले रांगेत उभे होते. मग कारखान्याचं तोंड बघायला नको.

ॲपलेट चालायला संगणकात जावा लागायचं आणि नव्या संगणकांत ते नसायचं. माझ्याकडे त्याची सीडी होती. तपासणी म्हणून मी बदलापूरच्या शिरगावपासून उल्हासनगरपर्यंत सायबर कॅफे पालथे घातले, उलट्या दिशेला वांगणीलाही जाऊन आलो. पान उघडायचं, राखाडी चौकोन दिसायचा. सीडी घालायची, अर्धा तास जांभया द्यायच्या, जीन्स फिरायची, वहीत बरोबरची खूण. अकरा कॅफे, अकरा खुणा. पाय दुखून यायचे, पण सेठला छातीठोकपणे सांगितलं, "सगळीकडे चालतं."

म्हणजे लोकांकडे जेवायला जाताना दरवेळी डबा आपणच घेऊन जायचा आणि वर म्हणायचं, लोक किती छान जेवू घालतात!

दुबईवाल्याचा फोन आला तेव्हा मी सेठच्या शेजारी ऐटीत बसलेलो.

"खुल गया? कैसा लगा?" सेठने विचारलं. मग ऐकत राहिला. मग माझ्याकडे वळला. "साईं, तो म्हणतो राखाडी डबा दिसतोय. कोपऱ्यात लाल फुली. तू माल पॅक करून पाठवला काय?"

"सेठ, त्यांना सांगा, आधी जावा टाका."

"जावा डालो," सेठ फोनमध्ये म्हणाला. थोड्या वेळाने माझ्याकडे बघून, "पूछ रहा है, कहाँ डालूँ?"

मी समजावू लागलो. डाउनलोड करायचं, दीड तास लागेल, मग संगणक बंद करून परत चालू. सेठने फोनवर हात ठेवला. "बाबा, मला त्याला जीन्स विकायचीय, परीक्षेला नाही बसवायचं."

शेवटी ॲपलेटसाठी काढलेल्या फोटोंपैकी चार मी मेलने पाठवले. पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी. ऑर्डर आली. सेठ मनापासून म्हणाला, "मस्त आहेत रे. हेच आधी का नाही लावले?"

गल्लीतल्यांनीही ते चार फोटो पाहिले. "एवढं तर आमची पोरगी पण लावेल," एक जण म्हणाला, आणि रांग मोडली.

रजा संपली त्या सकाळी वडील गेटपासून बरोबर चालत होते.

"ऑर्डर आली म्हणे."

"आली."

"मग तू इथे कसा?"

बॉयलरपर्यंत मी त्यांना सगळं सांगितलं. जावा, सीडी, कॅफे, राखाडी चौकोन. त्यांनी आयुष्यात माउसला हात लावलेला नव्हता. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे अकराच्या अकरा ठिकाणी सीडी तूच घातलीस?"

मी हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि पट्टा आवळत बसलो.