ग्राइंडरखाली गेलेल्या खुणा

मित्रहो, निजामाच्या फौजेतील रायफली दुरुस्त करणाऱ्या एका दिवंगत कारागिराची अवजारे पाहण्यासाठी आज ताडकळसला गेलो होतो. अशी अपरिचित अवजारे ओळखायची, तर त्यांवर ठोकलेले शिक्के हाच एक भरवशाचा आधार असतो.

कारागिराची नातसून कौतुकाने म्हणाली, "सर, तुमी येणार म्हणून मालकानं समद्याला ग्राइंडर मारलाय. बघा, कसं चकाचक हाय!"

एकही शिक्का उरला नव्हता. "हा शुद्ध अडाणीपणा आहे," मी म्हणालो. तिचा चेहरा पडला.

एक अवजार पुढे करत ती म्हणाली, "मग ह्याचं नाव तरी सांगा. न्हाईतर मालक उद्या भंगारात घालतेत."

अंदाजाने नाव सांगणे माझ्या शिस्तीत बसत नाही. "ठाऊक नाही," एवढेच म्हणालो आणि निघालो.

छायाचित्रे जोडली आहेत. उद्यापर्यंत कोणी ओळखेल? मला तरी तसे वाटत नाही.