ढालवालीचे चाळीस पॉइंट

माझी सून विसराळू आहे, स्वतःच्या हाताने केलेलं तिला आठवत नाही, अशी आमच्या नात्यागोत्यात एक समजूत झाली होती. नणंदा हसून सांगायच्या, मुलगा चिडवायचा, आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायकांपर्यंत ती गोष्ट पोचली होती. गोष्ट खोटी होती. खोटी आहे हे एका माणसाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि तो आठ महिने गप्प बसला. तो माणूस मी. घरात मी हे सगळं आता कबूल केलं आहे, पण तोंडी कबुलीत माणूस बरंच काही गाळतो. म्हणून लिहून ठेवतो.

माझी उमर लाँचवर तिकिटं तपासण्यात गेली. उरलेला वेळ खारातल्या शेतात. आमचं गाव मांडव्याच्या अलीकडे, खाडीला लागून. मुलगा बंदरावरचा ट्रेलर चालवतो, चार चार दिवस घरी नसतो. सून म्हसळ्याकडची, डोंगरातल्या भातशेतीच्या घरातली. तालुक्याला सरकारी कचेरीत लिपिक आहे. सकाळी सहा-आसनी रिक्षाने जाते, संध्याकाळी साडेसहाला येते, चहा घेते आणि एक तास कॉम्प्युटरवर खेळते.

सुरुवातीला मला हे आवडलं नव्हतं, हेही लिहायला हवं. बाईमाणसाने हेडफोन लावून ‘मागे व्हा, मागे व्हा, मी घेते अंगावर’ असं ओरडावं, हे माझ्या डोक्यात बसत नव्हतं. हिला, म्हणजे माझ्या बायकोला, मी म्हणालो, “ही कोनाशी भांडते रोज?”

“तुमच्याशी नाय ना? मग भांडू दे,” ही म्हणाली.

मग मी बांधावरून घसरलो आणि घोटा मोडला. दोन महिने प्लास्टर. खाटेवरून थेट कॉम्प्युटरचा पडदा दिसायचा. दुसरं काही बघायला नव्हतं म्हणून मी तो खेळ बघू लागलो आणि पंधरा दिवसांत त्यात पुरता गुंतलो.

खेळ असा होता. प्रत्येक खेळाडूचं एक पात्र. ते लढतं, वाढतं, आणि वाढलं की त्याला पॉइंट मिळतात. ते पॉइंट आपण हवे तिथे टाकायचे. ताकद, चपळाई, जीव, चिलखत, दम, असे रकाने. टाकलेला पॉइंट परत निघत नाही. आठ जणांची टोळी मिळून मोठमोठ्या राक्षसांशी लढायची. सुनेच्या टोळीत नागपूरची एक दातांची डॉक्टर म्होरकी होती, कोल्हापूरचा एक मोटर मेकॅनिक होता, एक मुलगी दुबईहून खेळायची. कोणी कोणाला कधी पाहिलेलं नव्हतं.

सुनेचं पात्र म्हणजे एक धिप्पाड बाई, हातात दरवाजाएवढी ढाल. मी तिला ढालवाली म्हणायचो. ढालवाली फारसं मारायची नाही. तिचं काम पुढे उभं राहून राक्षसाला डिवचायचं, त्याचे सगळे घाव स्वतःवर ओढून घ्यायचे, आणि मागच्या सात जणांना मोकळं ठेवायचं. लाँचवर मी दांडगे खलाशी पुष्कळ पाहिले होते, पण दुसऱ्याच्या वाट्याचा मार मागून घेणारा कोणी पाहिला नव्हता. आणि हे काम टोळीने सुनेलाच दिलं होतं, कारण ती घाबरून पळत नाही अशी तिची ख्याती होती.

“हिला मारच बसू नये अशी का नाय करत?” मी एकदा विचारलं.

“बाबा, मार बसणारच. ती किती लवकर सावरते ते बघायचं. नुसतं चिलखत चढवलं तर ती जडशीळ होते. दम संपला की ढाल वर उचलत नाही. मग जिवंत असून उपयोग काय?”

मी मान हलवली. कळलं असं मला वाटलं होतं.

मी दिवसभर रिकामाच, म्हणून तिने मला एक काम शिकवलं. कचेरीत जाण्याआधी ती खेळ उघडून ठेवायची आणि मी दुपारी माउस धरून ढालवालीकडून डोंगरातले दगड फोडून घ्यायचो. त्या दगडांतून लोखंड मिळायचं, त्याची चिलखतं व्हायची. “बाबांनी आज दोनशे दगड फोडले,” असं ती टोळीला सांगायची आणि मला लाज वाटण्याइतका आनंद व्हायचा. निवृत्त झाल्यापासून माझं काम कोणी मोजलं नव्हतं.

आता चूक. ती समजण्यासाठी खारातली एक रीत सांगावी लागेल. आमची शेतं खाडीच्या पाण्याच्या पातळीखाली आहेत. मध्ये फक्त मातीचा बांध. त्या बांधात खेकडे बिळं करतात. उधाणाच्या भरतीला बोटभर बिळातून पाणी शिरलं की रात पुरत नाही, बांध फुटतो, आणि एकदा खारं पाणी शेतात आलं की दोन-तीन वर्षं तिथे भात होत नाही. म्हणून बांधावरून जाताना बीळ दिसलं की हातातलं टाकायचं आणि चिखल-पेंढा कोंबून ते बुजवायचं. शेत कोणाचं हे विचारायचं नाही, मालकाला हाक मारायची नाही, उद्यावर ठेवायचं नाही. लग्नाला निघालेली माणसंसुद्धा धोतर वर खोचून बिळं बुजवताना मी पाहिली आहेत. माझे हात साठ वर्षं हेच शिकलेले.

एका गुरुवारी दगड फोडताना माझ्या हातून कुठलंतरी बटण दाबलं गेलं आणि ढालवालीच्या रकान्यांचं पान उघडलं. वर लिहिलं होतं, शिल्लक चाळीस. चाळीस पॉइंट तसेच पडून. रविवारी त्यांची मोठी लढाई, सहा महिने जिची तयारी चालली होती ती, आणि इथे चाळीस पॉइंट उघडे. मला ती बिळंच दिसली. सून कामाच्या धबडग्यात विसरली असणार, असं मी मनाशी म्हणालो. फोन करून विचारणं मला सुचलंही नाही. बीळ बुजवताना कोण विचारतं? मी चाळीसच्या चाळीस चिलखतात कोंबले. चिलखताचा आकडा वर चढताना बघून मला गार वाटलं. आता ढालवालीला कोण हात लावतो बघू, असं मी हिला म्हणणारही होतो, पण ही मासे घेत होती.

ते पॉइंट विसरलेले नव्हते, राखून ठेवलेले होते. राक्षस कोणत्या अंगाने येणार ते लढाईच्या आदल्या दिवशी कळायचं आणि त्याप्रमाणे कुठे टाकायचे ते नागपूरची डॉक्टर ठरवायची. शनिवारी तिने सांगितलं, लढाई लांबणार, सगळे दमात टाक. सुनेने पान उघडलं. शिल्लक शून्य.

ती माझ्याकडे वळली.

“बाबा, तुम्ही यातलं काही दाबलं होतं का?”

“नाय गो बाय,” मी म्हणालो. “मी आपले दगड फोडले.”

इतक्या सहज आलं ते. का, याचा मी खूप विचार केला आहे. ती रागावेल याची भीती नव्हती. दगड फोडायचं काम ती काढून घेईल याची होती. एवढंच. दुसरं मोठं कारण शोधूनही सापडलं नाही.

रविवारी अकरा वाजता लढाई झाली. मी खाटेवरून पाहिली. पहिली सहा मिनिटं ढालवालीला राक्षसाचा ओरखडाही उठला नाही. कोल्हापूरचा मेकॅनिक स्पीकरवर म्हणाला, “ताई, आज काय खाऊन आलाय?” मग तिचा दम संपला. ढाल वर उचलेना, राक्षसाला डिवचायला आवाज निघेना. तो तिला सोडून मागच्यांकडे वळला आणि एकेकाला लोळवत गेला. दुबईची मुलगी सगळ्यात शेवटी. अख्खं रान मोकळं झालं आणि मधोमध ढालवाली उभी, अंगावर साधा ओरखडा नाही.

“ताई, ठरलं काय होतं आपलं?” डॉक्टरने विचारलं. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला.

“माझी चूक,” सून म्हणाली. “पॉइंट माझ्या हातून कधी टाकले गेले, मलाच आठवत नाही. दमलेली असेन.”

“किल्ला भारी होता ताई,” मेकॅनिक म्हणाला, “पण सगळे आपले लोक बाहेर राहिले.”

पुढे उभं राहायचं काम तिच्याकडून गेलं. ते दुसऱ्या कोणाला दिलं आणि तिला मागे जखमा बांधायला ठेवलं. तिने वाद घातला नाही. त्याच आठवड्यात तिने नवी ढालवाली सुरू केली, अगदी पहिल्या पायरीपासून, अंगावर गोणपाटाचा सदरा आणि हातात फळकूट.

पुढचे आठ महिने मी जे पाहिलं ते माझ्या आयुष्यात मी पाहिलेल्या उत्तम कामांपैकी एक आहे. ती रोज एक तास बसायची, जास्त नाही. लोखंड साठलेलं असूनही सुरुवातीला चिलखत घालायची नाही. उघड्या अंगाने अस्वलांसमोर जायची, मार खायची, पडायची, उठायची. घाव कोणत्या क्षणी येतो हे अंगात मुरलं पाहिजे, चिलखतामागे ते कळत नाही, असं म्हणायची. एका अस्वलाकडून तिने तीन आठवडे मार खाल्ला. चौथ्या आठवड्यात त्याचा पंजा उठला की ढाल आपोआप उठायची, इतकी वेळेवर की मी खाटेवर हसायचो. मग थोडा जीव, थोडा दम, पुन्हा थोडा जीव. प्रत्येक पॉइंट टाकण्याआधी उठून पाणी पिऊन यायची. आणि प्रत्येक पॉइंट वहीत लिहायची, तारखेसकट.

ती वही मला टोचायची. आधी नव्हती. आधी सगळं तिच्या डोक्यात असायचं. आता ती गॅस बंद केला का हे तीनदा बघायची. रिक्षापर्यंत जाऊन कुलूप बघायला परत यायची. मुलगा म्हणायचा, “विसराळू बाय, डबा घेतलास का?” सगळे हसायचे. दोनदा मीही हसलो आहे.

आठव्या महिन्यात टोळीने तिला पुन्हा पुढे उभं केलं. तिची नवी ढालवाली तेरा मिनिटं उभी राहिली आणि राक्षस पडला. घरात पेढे आले. मी मनात म्हणालो, झालं, फिटलं. माणूस स्वतःला किती लवकर माफ करतो.

त्यानंतर एका शनिवारी सासू-सुना पडवीत वाल सोलत बसल्या होत्या. मी आत खुर्चीवर. कचेरीत वरच्या पदासाठी परीक्षा होती, तिने पुस्तकं आणलेली मी पाहिली होती.

“फॉर्म भरलास का गो?” हिने विचारलं.

“नाही भरत, आई.”

“का?”

“वरच्या जागेवर सही माझी असणार. लोकांच्या जमिनीची कागदपत्रं. चाळीस पॉइंट कुठे टाकले ते मला आठवत नाही. आठवायचा इतका प्रयत्न केला. उद्या एखाद्याचं नाव भलतीकडे टाकलं आणि मलाच आठवलं नाही तर?”

“खेळातलं ते,” ही म्हणाली.

“डोकं एकच आहे ना, आई.”

मी उठलो. घोटा अजून पावसाळी हवेत दुखतो, तसा दुखला. पडवीत जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, “ते पॉइंट मी टाकले.”

मी सगळं सांगितलं. गुरुवार, दुपार, बटण, चिलखत. तिने विचारलं तेव्हा खोटं बोललो तेही.

“अहो, काय माणूस हाय,” ही म्हणाली आणि सुपातला वाल तसाच ठेवून आत गेली.

सुनेने हातातली शेंग पुरती सोलली. मग म्हणाली, “बाबा, पॉइंटचं मला काही नाही. आठ महिने मला वाटत होतं, माझं डोकं चालेनासं झालंय. माझ्या आजीचं तसंच सुरू झालं होतं.”

तिच्या आजीचं मला माहीत होतं. लग्नात ती म्हातारी नवऱ्यामुलाला परत परत नाव विचारत होती. सुनेला कसली भीती वाटत असेल हे मला सुचू शकलं असतं. मी सुचू दिलं नाही.

“माझ्याकडून काय पाहिजे ते सांग,” मी म्हणालो.

“मला सांगितलंत. त्यांना कोण सांगणार?”

दुसऱ्या दिवशी अकराला मी हेडफोन घालून बसलो. कानात सात माणसांचा श्वास. नाव-गाव काही न सांगता मी सुरू केलं, मग सुनेने खांद्यावर बोट ठेवून खुणावलं, आधी कोण ते सांगा. मी सांगितलं. मग चूक सांगितली. खेकड्यांची बिळंही सांगितली, पण त्यात सबब शोधल्यासारखं वाटू लागलं म्हणून मध्येच थांबलो.

पहिल्यांदा मेकॅनिक बोलला. “काका, म्हणजे त्या दिवशी आम्ही सात जण तुमच्यामुळं मेलो.”

“होय,” मी म्हणालो.

“आणि शिव्या ताईंनी खाल्ल्या.”

“होय.”

डॉक्टर म्हणाली, “काका, चूक समजली. पण तुम्ही पुढच्या आठवड्यातही सांगू शकला असतात. मी हिला पुढून काढलं तेव्हा.” मग तिने सुनेला हाक मारली, “ताई, तुझी मी माफी मागते. विचारायला हवं होतं, थेट ठरवून टाकलं मी.”

सुनेने हेडफोन माझ्या कानावरून काढून घेतले. “आता उठा बाबा, मला खेळायचंय,” म्हणाली. राग होता त्यात, आणि तो आणखी महिनाभर राहिला. दगड फोडायचं काम मला परत मिळालेलं नाही, मी मागितलंही नाही. नात्यातल्या प्रत्येक घरी फोन करून मी खरं काय ते सांगितलं. तिची एक चुलत नणंद म्हणाली, “जाऊ द्या हो काका, गंमत होती.” मी तिला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

फॉर्म तिने शेवटच्या दिवशी भरला. परीक्षेला अलिबागला गेली तेव्हा गॅस एकदाच बघितला. संध्याकाळी परत आली, चप्पल काढता काढता म्हणाली, “एक प्रश्न चुकला. मुदतीचा होता. तीस दिवस लिहायचे, मी साठ लिहिले.”

“आठवतं सगळं?” हिने विचारलं.

“प्रत्येक शब्द आठवतो, आई. तो माझाच चुकला.”

असं सांगताना एवढी खूश झालेली बाई मी आधी पाहिली नव्हती. ही चहा टाकायला उठली आणि सून त्या चुकलेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर आम्हा दोघांना समजावून सांगू लागली.