भरिताची वैरीण

"धूरना वास ई ऱ्हायना का?"

बोलता बोलता मध्येच थांबून, नाक वर करून अक्का विचारायच्या. धुराचा वास येतोय का, एवढंच. सभा असो की कुणाचं लग्न. आम्ही सगळे मुकाट्याने हुंगायचो. बहुतेक वेळा कॅन्टीनमधली फोडणी करपलेली असायची.

धुळ्याबाहेरच्या माळावर आमचं विद्यापीठ. अक्का तिथे वनस्पतिशास्त्र शिकवायच्या आणि हरित परिसर समितीच्या प्रमुख होत्या. मी परीक्षा विभागातला कारकून. समितीत माझं नाव त्यांनी मला न विचारताच घातलं. मागची उघडीबोडकी टेकडी त्यांनी पोरापोरींना हाताशी धरून अंजन आणि कडुनिंबाने भरून काढली होती. पाला जाळायचा नाही, फांदी तोडायची नाही. दातणासाठी काडी मोडली म्हणून त्यांनी एका विभागप्रमुखांना चारचौघांत झापलं होतं. बाई कसली, फौजदारच!

पण खरा कहर पुढेच. त्यांनी भरीत पार्टी बंद केली. तुम्ही खान्देशातले असाल तर इथेच हात कपाळाला लावाल. नसाल तर सांगतो: हिवाळ्यात कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवायच्या, त्यात वांगी भाजायची आणि ते भरीत पुरीशी हाणायचं. आमचा हा सोहळा दरसाल टेकडीच्या पायथ्याशी व्हायचा.

"वाळलेलं गवत शे भो, एक ठिणगी पुरे. गॅसवर भाजा," अक्का म्हणाल्या.

गॅसवरचं भरीत! त्यापेक्षा उपास बरा. तेव्हापासून लोक त्यांना मागून भरिताची वैरीण म्हणायला लागले. त्यांना ते ठाऊक होतं. मला वाटतं, थोडं आवडतही होतं.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाला काय करायचं? भरीतच! पण रस्त्यापलीकडे, एका प्राध्यापकांच्या शेतात, विहिरीच्या कडेला. वांगी थेट बामणोदहून आणली, भरिताच्या वांग्यांसाठी ते गाव नावाजलेलं. माळी, वॉचमन, झाडून सगळे आले. नेमकं तेच चुकलं. टेकडीवर कुणी उरलंच नाही.

अक्का पुरी हातात धरून टेकडीकडेच बघत बसल्या होत्या.

"अक्का, आज तरी निवांत जेवा," मी म्हटलं.

"भो, तो धूर शे."

सगळे हसले. "अहो, आपल्याच काड्यांचा आहे तो!"

त्यांनी ताट खाली ठेवलं, पदर खोचला आणि पळत सुटल्या. मग आम्हालाही दिसलं.

कुणी बिडी टाकली की आणखी काय, आजवर कळलेलं नाही. आग गवतातून सरसर वर चालली होती आणि विझवायला आमच्या हातात काही नव्हतं. अक्कांनी कोवळ्या कडुनिंबाची फांदी धरली आणि काडकन मोडली. "तोडा रे! बठ्ठ्या तोडा! झोडा!" आपल्या हाताने लावलेल्या झाडांच्या सगळ्या फांद्या बाई ओरबाडत होत्या. रडत होत्या आणि त्यांनीच आग झोडपत होत्या.

आग विझली, पण निम्मी टेकडी काळी झाली होती.

दुसऱ्या दिवशी निवृत्त अक्का सकाळीच हजर. एकेका झाडाची साल नखाने खरवडत वर निघाल्या. आत हिरवं असलं तर झाड जिवंत. खालची बरीचशी गेली होती. वरती, सगळ्यांत आधी लावलेल्या अंजनाशी आल्यावर त्यांचा हात थांबला.

"हे तू पाह्य. मन्ही हिंमत नही."

मी खरवडलं. आत ओलं, हिरवंगार. "अक्का, हिरवं शे!" मी ओरडलो. वळून बघतो तर त्या पाठ फिरवून उतार उतरत होत्या. मी हाका मारत राहिलो, त्या थांबल्या नाहीत.

आता त्या नाशिकला मुलीकडे असतात. फोन करतात. अंजन चांगलं फुटलंय, असं मी सांगतो.

"माले बरं वाटाले म्हनीसन तर नही सांगी ऱ्हायना?"

त्यांना बरं वाटावं म्हणून मी खोटं सांगतोय, असा त्यांचा संशय. फोटो पाठवला. तो जुना असेल, म्हणाल्या. मला राग येतो, आणि रडूही येतं. काल म्हटलं, "अक्का, मी गाडी घेऊन येतो. एकदा डोळ्यांनी बघून जा."



"नको रे भो. भ्याव वाटस," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.